चोखंदळ जिभेचा जमाखर्च

गेल्या वर्षी रक्तदान शिबिरात नाव नोंदवायला गेले आणि काट्यावर उभी राहताच परत पाठवली गेले. दात्याचे वजन किमान ४५ किलो लागते. माझे भरले ४३. डॉक्टरांनी विचारले, "जेवता काय?" मी म्हटले, "भात आणि बटाटा." डाळीच्या पाण्यावर तरंगणारी साले, अंड्याचा वास, दुधावरची साय, साऱ्यांनाच माझे नाक मुरडलेले. वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी असल्याने घरी येऊन मी सरळ जमाखर्च मांडला.

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढाला वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. ५५ किलोच्या स्त्रीला सुमारे ४६ ग्रॅम. आता जमेची बाजू पाहा. दिवसभराचे दीडशे ग्रॅम तांदूळ १२, दोन पोळ्या ६, बटाटा २, चहातले दूध ३. एकूण २३. म्हणजे निम्मी तूट! शिवाय तांदळाच्या प्रथिनात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते. ते डाळीत भरपूर. डाळीत जे उणे, ते तांदळात. खिचडीचे कौतुक आजी उगीच करीत नव्हती.

तूट भरायची, पण जीभ ऐकत नाही. तेव्हा तिला फसवावे. डाळ दिसली की ताट सरकवणारी मी, पण पिठल्यात तीच हरभऱ्याची डाळ पीठ होऊन येते, हे कधी मनात आले नव्हते. भाजीत दाण्याचे कूट कुणाला खटकत नाही; तीस ग्रॅम दाण्यांत सुमारे ७ ग्रॅम प्रथिने. दुधाऐवजी दोन वाट्या ताजे दही घेतले तर आणखी ७. (आपल्या सिल्वासाकडची नागली पौष्टिक खरी, पण तिची श्रीमंती कॅल्शियमची; प्रथिने तिच्यात तांदळाइतकीच.) मासे खाणाऱ्यांच्या चुलीवर सुके बोंबील असतातच, त्यांच्या वजनात निम्म्याहून अधिक प्रथिनेच असतात.

खरी गंमत वालाची. कडवट आणि जाड सालीचा म्हणून मी तो कधी तोंडात घातला नाही. पण रात्रभर भिजवून, फडक्यात बांधून मोड आणले आणि कोमट पाण्यात टाकून साल काढली, की आतली डाळिंबी गोडसर लागते. सालीबरोबर कडवटपणा बराचसा जातो. चाळीस ग्रॅम वालात सुमारे ९ ग्रॅम प्रथिने. माझी तूट नेमकी इथे भरून निघाली.

वाल नीट शिजवणेही महत्त्वाचे, कारण कच्च्या वालात प्रथिने पचवणाऱ्या ट्रिप्सिनला अडवणारे द्रव्य असते. १९५० च्या दशकात मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये डॉ. कमला सोहोनी यांनी ते वेगळे करून अभ्यासले. याच कमलाबाईंना १९३३ साली बंगळूरच्या संस्थेत सर सी. व्ही. रामन यांनी स्त्री म्हणून प्रवेश नाकारला होता. शेवटी वर्षभर परीक्षा पाहण्याच्या अटीवर घेतले. १९३९ साली त्या केंब्रिजहून डॉक्टरेट घेऊन परतल्या. शास्त्रज्ञ बाईने आपल्या घरच्या वालाकडे इतक्या गंभीरपणे पाहावे, हे मला फार आवडले.

खर्चाचा प्रश्न उरतोच. किलोभर तूरडाळीत सुमारे २२० ग्रॅम प्रथिने, लिटरभर दुधात ३३. म्हणजे डाळीचा भाव दुधाच्या सहापटीपेक्षा कमी असेल तोवर प्रथिने डाळीतूनच स्वस्त. पावडरीच्या डब्यावरही हाच भागाकार करून पाहावा. मात्र मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्याने आधी डॉक्टरांना विचारावे.

आपल्या अंकाच्या कन्नड विभागातील मैत्रिणीला मी वालाची ही हकीकत सांगितली, तर ती हसू लागली. त्यांच्याकडे हेच अवरेकाळू, आणि साल काढलेली हिदुकिदबेळे. सोलायचे काम त्यांच्याकडेही घरातल्या मुलींकडेच. येत्या रविवारी तिच्या आईच्या हातचे सारु खायला जाणार आहे. काट्यावर सध्या ४५ किलो ६०० ग्रॅम.