पोर्शे ९२८ आणि तिचे प्रतिस्पर्धी : एका तुलनेचा हिशेब

बाजारात नवा माल आला की जुन्या मालाशी त्याची तुलना होणे क्रमप्राप्तच असते. मोटारीच्या बाबतीत ही तुलना बहुधा कोष्टकाच्या रूपाने होते. इंजिन इतके, अश्वशक्ती इतकी, वेग इतका, किंमत इतकी. ज्याचे आकडे सरस तो माल सरस, आणि जो सरस तोच खपणार, असे आपण सहज धरून चालतो. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने मात्र या समजुतीकडे थोडे संशयाने पाहावयास हवे. त्यासाठी प्रस्तुत लेखात एक खरे घडलेले उदाहरण घेतले आहे. ते म्हणजे जर्मनीतील पोर्शे कंपनीने १९७७ साली बाजारात आणलेली, पुढे इंजिन असलेली ९२८ ही स्पोर्ट्स मोटार.

इंजिन कोठे असावे?

प्रथम यंत्राची बाजू थोडक्यात समजून घेऊ. मोटारीतील सर्वांत जड वस्तू म्हणजे इंजिन. ते कोठे बसवले आहे यावर मोटारीचा तोल अवलंबून असतो. इंजिन मागच्या चाकांच्याही मागे असेल, तर त्याचा भार गाडी ओढणाऱ्या चाकांवर पडतो. त्यामुळे सुटताना आणि चढावर चाकांची पकड उत्तम राहते. पण वेगाने वळण घेत असताना चालकाने घाबरून वेगाच्या पट्टीवरचा पाय एकदम काढला, तर मागचा जड भाग बाहेरच्या बाजूस फेकला जातो आणि गाडी गिरकी घेण्याची भीती असते. बैलगाडीत मागे ओझे जास्त झाले की गाडी उलार होते आणि जू वर उचलले जाते, हे आपण जाणतोच. मागे इंजिन असलेल्या मोटारीचे पुढचे टोकही असेच हलके पडते आणि पुढच्या चाकांची पकड कमी होते.

उलटपक्षी, इंजिन पुढे ठेवून चाल मागच्या चाकांना दिली, तर नाक जड होते आणि ओढणारी चाके हलकी पडतात. यावर ९२८ च्या तंत्रज्ञांनी योजलेला उपाय कावडीसारखा आहे. कावडीच्या दोन्ही टोकांना सारखा भार असला म्हणजे खांद्यावर तोल राहतो. त्याप्रमाणे त्यांनी इंजिन पुढे ठेवले आणि गिअरपेटी उचलून मागच्या आसापाशी नेली. दोन्ही एका भक्कम नळीने जोडली. त्यामुळे पुढच्या आणि मागच्या चाकांवर भाराची वाटणी जवळजवळ सारखी झाली. शिवाय मागच्या आसाची रचना अशी केली, की वळणावर पाय काढला तरी मागची चाके गाडीला बाहेर न फेकता सरळ धरून ठेवतील. कंपनीचे संशोधन केंद्र वायसाख या गावी आहे. त्यावरून या रचनेला वायसाख आस असे नाव पडले.

नव्या मोटारीची गरज

पोर्शेची त्या वेळची प्रमुख मोटार म्हणजे ९११. ती १९६३ साली फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात प्रथम दाखवण्यात आली. मागे बसवलेले, हवेने थंड होणारे, सहा सिलिंडरांचे २ लिटरचे इंजिन आणि १३० अश्वशक्ती, असे तिचे मूळ स्वरूप होते. दरम्यान अमेरिकेत वारे बदलले. १९६५ साली राल्फ नेडर यांनी मोटारींच्या सुरक्षिततेवर पुस्तक लिहिले. त्यात शेव्हरोले कॉर्व्हेअर या मोटारीवर कडक टीका होती. ही मोटारही मागे इंजिन असलेली, हवेने थंड होणारी आणि सहा सिलिंडरांचीच होती. त्यानंतर तेथे धूर आणि अपघात यांसंबंधीचे नियम एकामागून एक कडक होत गेले. अमेरिका ही पोर्शेची मोठी बाजारपेठ. उद्या मागच्या इंजिनाची मोटार तेथे विकताच आली नाही तर काय, ही चिंता रास्त होती.

१९७२ साली पोर्शे कुटुंबातील मंडळी कारभारातून बाजूला झाली आणि अर्न्स्ट फुरमान हे अभियंते कंपनीचे प्रमुख झाले. ९२८ चे काम त्यापूर्वीच, १९७१ साली सुरू झाले होते. १९७३ च्या तेलसंकटात ते बंद पडते की काय अशी वेळ आली, परंतु ते तगले. ९११ चे दिवस भरत आले आहेत आणि तिची जागा ९२८ घेईल, असे फुरमान यांचे मत होते. मार्च १९७७ मध्ये जिनीव्हाच्या प्रदर्शनात ही मोटार जगापुढे आली. पाण्याने थंड होणारे आठ सिलिंडरांचे ॲल्युमिनियमचे इंजिन, ॲल्युमिनियमची दारे व बॉनेट, चालकाने सुकाणूचक्र वर-खाली केले की त्याबरोबर हलणारे काट्यांचे फलक, अशी तिची अनेक नवलाई होती. १९७८ सालची युरोपातील सर्वोत्तम मोटार म्हणून परीक्षकांनी तिची निवड केली. बीएमडब्ल्यूची ७ मालिका आणि फोर्ड ग्रॅनाडा यांना तिने मागे टाकले. हा मान बहुधा कुटुंबाच्या वापराच्या मोटारींना मिळतो. स्पोर्ट्स मोटारीला तो मिळणे ही मोठीच गोष्ट होती.

कोष्टकातील तुलना

आता तिला तिच्या प्रस्थापित प्रतिस्पर्ध्यांशेजारी उभे करू. वजनाचे आकडे ठोकळ मानाने घेतले आहेत.

पोर्शे ९२८ : इंजिन पुढे, ८ सिलिंडर, ४.५ लिटर, २४० अश्वशक्ती, वजन १४५० किलो.
जॅग्वार एक्सजे-एस (१९७५) : इंजिन पुढे, १२ सिलिंडर, ५.३ लिटर, २८५ अश्वशक्ती, वजन १७५० किलो.
मर्सिडीज ४५० एसएलसी (१९७२) : इंजिन पुढे, ८ सिलिंडर, ४.५ लिटर, सुमारे २२० अश्वशक्ती, वजन १६३० किलो.
पोर्शे ९११ एससी (१९७७) : इंजिन मागे, ६ सिलिंडर, ३ लिटर, १८० अश्वशक्ती, वजन ११६० किलो.

नुसती अश्वशक्ती पाहिली तर जॅग्वार पुढे दिसते. परंतु भांडवल किती आहे यापेक्षा त्यावर बोजा किती आहे हे जसे ताळेबंदात पाहतात, तसे येथेही पाहिले पाहिजे. एकेका अश्वशक्तीला किती किलो ओढावे लागतात? जॅग्वारमध्ये सुमारे ६.१, मर्सिडीजमध्ये ७.४, ९११ एससीमध्ये ६.४ आणि ९२८ मध्ये ६. म्हणजे चौघींत ९२८ थोडी का होईना पण सरस ठरते. त्यातून जॅग्वारचे बारा सिलिंडरांचे इंजिन गुळगुळीत चालणारे, पण पेट्रोल पिणारे. ते काटकसरी करण्यासाठी कंपनीला १९८१ साली त्याचा वरचा भाग बदलावा लागला. मर्सिडीज टिकाऊ आणि आरामशीर खरी, पण तिचा पिंड प्रवासी मोटारीचा. तेव्हा बाहेरच्या प्रतिस्पर्ध्यांशी तुलना करता ९२८ ने बाजी मारली असेच म्हणावे लागेल.

घरातील प्रतिस्पर्धी

पण काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तसे येथे झाले. ९२८ चा खरा प्रतिस्पर्धी ना कॉव्हेंट्रीत होता, ना बीएमडब्ल्यूच्या म्युनिकमध्ये. तो पोर्शेच्याच झुफेनहाउझेनच्या कारखान्यात होता. आकड्यांतसुद्धा एक अडचण होतीच. ९११ ची टर्बो आवृत्ती १९७४ च्या अखेरीस फुरमान यांच्याच कारकिर्दीत आणि त्यांच्याच आग्रहाने पुढे आली होती. १९७७ च्या शरदात आलेल्या तिच्या ३.३ लिटरच्या रूपात ३०० अश्वशक्ती आणि सुमारे १३०० किलो वजन होते. म्हणजे एकेका अश्वशक्तीवर फक्त ४.३ किलो! ज्या मोटारीला निवृत्त करावयाचे, तीच वेगात नवीपेक्षा पुढे गेली.

तरीही प्रश्न केवळ वेगाचा नव्हता. ९११ घेणारा गिऱ्हाईक तिच्या दोषांसह ती घेत असे. तिचा आकार, मागून येणारा इंजिनाचा आवाज, शर्यतींत मिळवलेले नाव आणि ती चालवण्यास लागणारे कसब, या साऱ्याची तो किंमत मोजत होता. ९२८ त्याला म्हणत होती, "मी अधिक सुरक्षित आहे, अधिक शांत आहे, अधिक प्रशस्त आहे." यातील प्रत्येक शब्द खरा होता. पण हे त्याने मागितलेच नव्हते. शिवाय ती ९११ एससीपेक्षा बरीच महाग होती.

१९८१ चा निर्णय

१९८० च्या अखेरीस फुरमान पायउतार झाले. १९७९ च्या दुसऱ्या तेलसंकटानंतर महागड्या मोटारींचा धंदा अडचणीत होता आणि ९११ बंद होणार या बातमीने कंपनीतील कामगार व तंत्रज्ञ खचले होते. जानेवारी १९८१ मध्ये पीटर शुट्झ प्रमुखपदी आले. ते बर्लिनमध्ये जन्मलेले आणि लहानपणी कुटुंबासह अमेरिकेत गेलेले अभियंते होते. त्यांनी स्वतः सांगितलेली एक हकीकत प्रसिद्ध आहे. तांत्रिक विभागाचे प्रमुख हेल्मुट बॉट यांच्या कचेरीत भिंतीवर एक तक्ता होता. त्यावर ९२८ आणि ९४४ यांच्या रेषा पुढच्या वर्षांत गेलेल्या होत्या, पण ९११ ची रेषा १९८१ च्या अखेरीस थांबलेली होती. शुट्झ यांनी लेखणी घेतली आणि ती रेषा तक्त्याच्या बाहेर, भिंतीवरून थेट दारापर्यंत ओढत नेली.

यात नुसता नाट्याचा भाग नव्हता. त्याच वर्षी फ्रँकफुर्टला ९११ चे उघड्या टपाचे रूप दाखवण्यात आले आणि पुढे ते विक्रीस आले. ९२८ चेही उत्पादन थांबवले नाही. तीही सुधारत १९९५ पर्यंत निघत राहिली. अठरा वर्षांत तिच्या सुमारे ६१ हजार मोटारी झाल्या. ९११ एससी हा ९११ चा केवळ एक उपप्रकार, पण १९७७ ते १९८३ या सहा वर्षांतच तिची संख्या ५० हजारांच्या वर गेली होती. या दोन आकड्यांतच निकाल आला. १९९० नंतरच्या मंदीत पोर्शे पुन्हा संकटात सापडली आणि १९९५ साली पुढे इंजिन असलेल्या तिच्या दोन्ही स्पोर्ट्स मोटारी, म्हणजे ९२८ आणि ९६८, बंद झाल्या. तेव्हा हाताशी ९११ होती. ती १९८१ मध्येच बंद केली असती, तर तेलही गेले, तूपही गेले अशी अवस्था झाली असती.

कोष्टकात न दिसणारे खाते

तर मग गिऱ्हाइकाने पुढचे इंजिन नाकारले, असा निष्कर्ष काढावा काय? नाही. पोर्शेचीच ९२४ ही लहान मोटार १९७६ पासून पुढे इंजिन आणि मागे गिअरपेटी याच रचनेची होती. तिच्या आणि पुढे आलेल्या ९४४ च्या प्रत्येकी एक लाखाहून अधिक मोटारी खपल्या. त्या खपल्या, कारण ज्यांना ९११ परवडत नव्हती अशा नव्या गिऱ्हाइकांकडे त्या गेल्या. ९२८ कडून मात्र जुन्या गिऱ्हाइकाची आवडती वस्तू काढून तिच्या जागी बसण्याची अपेक्षा होती. २००२ सालची केयेन आणि २००९ सालची पानामेरा यांचीही इंजिने पुढेच आहेत. त्यांनीही ९११ ला हटवण्याचा प्रयत्न केला नाही. त्यांनी वेगळा गिऱ्हाईक शोधला आणि त्या चालल्या.

हिशेबशास्त्रात ख्याती नावाचे एक खाते आहे. धंदा विकत घेताना ख्यातीसाठी पैसे मोजले, तरच ती ताळेबंदात मांडतात. स्वतः वर्षानुवर्षे कमावलेली ख्याती पुस्तकात दिसत नाही. पण ती नसते असे नाही. ९११ ची ख्याती अशीच होती. अश्वशक्ती, वजन आणि वेग यांच्या रकान्यांत तिला जागा नव्हती, म्हणून फुरमान यांच्यासारख्या हुशार अभियंत्याच्या हिशेबातून ती निसटली. नियमांविषयीची त्यांची चिंता खोटी नव्हती, मोटारही खोटी नव्हती. बेरीज बरोबर होती, पण एक रक्कम मांडायची राहून गेली होती.

दुसरी बाजूही सांगणे न्यायाचे होईल. जुने ते सोने म्हणून ९११ जशीच्या तशी ठेवली असती, तर ती टिकली नसती. १९९७ साली तिचे हवेने थंड होणारे इंजिन जाऊन पाण्याने थंड होणारे आले, म्हणजे ९२८ ने वीस वर्षांपूर्वी जे केले ते ९११ ला करावे लागले. मे २०१७ मध्ये दहा लाखावी ९११ कारखान्यातून बाहेर पडली आणि २०२४ मध्ये तिच्या एका प्रकारात पेट्रोलच्या जोडीला विजेची मोटरही आली. इंजिन मात्र आजही मागेच आहे.

तात्पर्य, नव्या मालाची तुलना करताना तीन प्रश्न विचारावेत. तो गुणात सरस आहे काय? तो किमतीत परवडतो काय? आणि तो नवे गिऱ्हाईक आणणार आहे, की जुन्याच गिऱ्हाइकाच्या हातून त्याची आवडती वस्तू काढून घेणार आहे? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे कोष्टकात मिळतात. तिसऱ्याचे उत्तर मिळण्यासाठी पोर्शेला चार वर्षे वाट पाहावी लागली.