संत्र्याचा ट्रक आणि डिझेलचा भाव

दिवाळीच्या सुमारास काटोल, नरखेड, वरूड, मोर्शी या भागांतून आंबिया बहाराची संत्री येऊ लागतात. नागपूरच्या कळमना बाजारात ट्रक भरले जातात आणि दिल्लीच्या वाटेला लागतात. अशा वेळी डिझेल महागले, तर संत्री का महागली याचे उत्तर दुकानदाराच्या तोंडी तयार असते : "काय करणार, डिझेल वाढलं ना!" हे वाक्य तुम्ही भाजीवाल्याकडून, वाण्याकडून शंभरदा ऐकले असेल. ते कितपत खरे आहे? हे तपासायला अर्थशास्त्राचे जाडजूड ग्रंथ लागत नाहीत. नववी-दहावीचे भौतिकशास्त्र आणि थोडे गुणाकार-भागाकार पुरतात.

दहा टायरांचा एक ट्रक घेऊ. रिकाम्या ट्रकचे वजन १० टन आणि आत १५ टन संत्री, म्हणजे एकूण २५ टन. रस्ता सपाट आणि वेग ताशी ६० किलोमीटर धरू. एकसारख्या वेगाने जाणाऱ्या वस्तूला बल लावावे लागत नाही, असे न्यूटनचा पहिला नियम सांगतो. मग इंजिन कशासाठी चालू ठेवायचे? कारण ट्रकला दोन गोष्टी सतत मागे ओढत असतात : रस्ता आणि हवा.

आधी रस्ता पाहू. टायर जमिनीला टेकतो तेथे तो वजनाने चपटा होतो आणि पुढे गेल्यावर पुन्हा गोल होतो. चपटे होताना रबर जेवढी ऊर्जा घेते, तेवढी सगळी परत देत नाही. उरलेली उष्णता होऊन जाते. लांबून आलेल्या ट्रकचे टायर तापलेले असतात, त्याचे हे एक मोठे कारण. चांगल्या रस्त्यावर हा विरोध वजनाच्या हजारात सुमारे ८ भाग असतो. आपल्या ट्रकचे वजन अडीच लाख न्यूटन, म्हणून विरोध झाला २,००० न्यूटन. टायरात हवा कमी असेल तर टायर जास्त चपटा होतो आणि हा आकडा वाढतो. धाब्यावर गाडी थांबली की क्लीनर लोखंडी टॉमी घेऊन प्रत्येक टायर ठोकून पाहतो, हे तुम्ही पाहिले असेल. हवा पुरेशी असेल तर टणक आवाज येतो, कमी असेल तर बद्द. ध्वनिशास्त्राचा हा धडा त्याला कोणी शाळेत शिकवलेला नसतो!

आता हवा. ट्रकचा चौकोनी तोंडवळा हवा कापत नाही, ढकलतो. ताशी ६० किलोमीटर वेगाला हवेचा विरोध सुमारे १,००० न्यूटन भरतो. दोन्ही मिळून ३,००० न्यूटन. कार्य म्हणजे बल गुणिले अंतर, म्हणून एका किलोमीटरला ३० लाख ज्यूल ऊर्जा लागते.

एक लिटर डिझेल जळाले की सुमारे ३ कोटी ६० लाख ज्यूल मिळतात. पण त्यांतले दोन भाग रेडिएटर, धुराचा पाइप आणि यंत्रातले घर्षण यांत जातात. चाकापर्यंत पोचतो साधारण तिसरा भाग, १ कोटी २० लाख ज्यूल. त्याला ३० लाखांनी भागा. उत्तर ४. म्हणजे भरलेला ट्रक लिटरला चार किलोमीटर जाईल. एखाद्या ड्रायव्हरकाकांना विचारा. तेही 'चारचा ॲव्हरेज' म्हणतील.

येथे वेगाची गंमत पाहा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग ६० वरून ८० केला की तो १,००० वरून जवळजवळ १,८०० न्यूटन होतो आणि चारचा ॲव्हरेज सुमारे सव्वातीनपर्यंत उतरतो. ब्रेकचेही तसेच. २५ टनांचा ट्रक ताशी ६० वेगाने जात असेल, तर त्याची गतिज ऊर्जा सुमारे ३५ लाख ज्यूल असते. ब्रेक लावून तो थांबवला की ती ड्रमच्या उष्णतेत संपते. पुन्हा तोच वेग घ्यायला पाव लिटरहून अधिक डिझेल लागते. फेब्रुवारी २०२१ पासून टोलनाक्यावर फास्टॅग सक्तीचा झाला. त्यामुळे नुसता वेळच वाचला असे नाही.

आता पैशांकडे वळू. नागपूर ते दिल्ली हजार किलोमीटरहून थोडे अधिक आहे. हिशोबाला हजारच धरू. डिझेल लागले २५० लिटर. लिटरचा भाव ९० रुपये धरला, तर २२,५०० रुपये झाले. (तुमच्या गावचा आजचा भाव घालून हा हिशोब पुन्हा करा.) ते १५,००० किलो संत्र्यांवर वाटले की किलोमागे दीड रुपया येतो. समजा, डिझेल लिटरला एकदम १० रुपयांनी महागले. हा आकडा काल्पनिक नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने डिझेलवरचे उत्पादन शुल्क एका दिवसात तेवढेच कमी केले होते. मग फेरीचा खर्च २,५०० रुपयांनी वाढेल आणि किलोमागे फक्त १७ पैशांनी.

फक्त १७ पैसे! डिझेलच्या नावावर कोणी किलोला पाच रुपये वाढवले, तर हा गुणाकार त्याच्यापुढे ठेवायला हरकत नाही. मात्र एक गोष्ट जमेस धरावी लागेल. दिल्लीहून ट्रक रिकामा परतला तर काय होईल? वजन १० टनांवर येते, म्हणून रस्त्याचा विरोध ८०० न्यूटन. पण हवेला माल दिसत नाही. तिचा विरोध तोच, १,०००. रिकाम्या परतीला १५० लिटर लागतात, म्हणजे भरलेल्या फेरीच्या निम्म्याहून जास्त. तो खर्चही संत्र्यांवर टाकला तर १७ चे २७ पैसे होतात. म्हणून परतीचा माल मिळेपर्यंत गाड्या दोन-दोन दिवस उभ्या राहतात. उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम महामार्ग नागपुरात मिळतात. त्यामुळे अमरावती रस्त्यावरच्या वाडीसारख्या ठिकाणी वाहतूकदारांची गोदामे वाढली, यात नवल नाही. तेथे कोणत्या ना कोणत्या दिशेचा माल मिळतो.

मग डिझेल वाढले की ओरड का होते? आता तोच हिशोब एका गाडीच्या मालकाच्या बाजूने करा. महिन्यात दिल्लीच्या चार फेऱ्या, जाता-येता माल भरलेला, म्हणजे ८,००० किलोमीटर आणि २,००० लिटर डिझेल. लिटरमागे १० रुपये वाढले की त्याच्या खिशातून महिन्याला २०,००० रुपये जादा जातात. गाडीच्या कर्जाचा हप्ता, टायर, ड्रायव्हरचा पगार यांतले काहीच कमी होत नाही. ज्या रकमेवर त्याचे घर चालते, तीच ही रक्कम असू शकते. भाडे आधी ठरलेले असते. पूर्वी डिझेलचा भाव सरकार ठरवी आणि तो पुष्कळ दिवस टिके. ऑक्टोबर २०१४ मध्ये हे नियंत्रण उठले आणि जून २०१७ पासून भाव रोज ठरवण्याची पद्धत आली. ठरलेले भाडे आणि हलता भाव यांच्या मधली फट ज्याला भरावी लागते, तो ओरडतो.

ही फट पुढे कोणाकडे सरकते, ते ज्याच्या त्याच्या निकडीवर अवलंबून. सिमेंट आठ दिवस थांबू शकते, संत्रे थांबू शकत नाही. व्यापारी वाढलेले भाडे बागेतल्या भावातूनच कापू पाहतो, आणि फळ पिकून तयार असलेल्या शेतकऱ्याला फार ताणता येत नाही. त्यामुळे दिल्लीच्या गिऱ्हाइकाला न जाणवणारे १७ पैसे काटोलच्या बागाईतदाराला दहा टन मालामागे १,७०० रुपये होऊन भेटतात.

रेल्वेने का पाठवीत नाहीत, असे तुम्ही विचाराल. पोलादी रुळावर पोलादी चाक फारसे चपटे होत नाही, म्हणून विरोध रबरी टायरच्या सुमारे पाचव्या भागाएवढाच असतो. ऑक्टोबर २०२० मध्ये नागपूरहून दिल्लीला संत्र्यांची किसान रेल्वे सोडली होती, भाड्यात निम्मी सवलतही होती. पण बाग ते स्टेशन आणि स्टेशन ते बाजार ट्रक लागतोच. शिवाय पेट्या दोनदा जास्त चढवाव्या-उतरवाव्या लागतात. डागी फळाचा तोटा घर्षणाच्या सूत्रात बसत नाही.

आता एक उदाहरण तुमच्यासाठी. कन्हान नदीच्या काठाहून नागपुरात वाळूचा ट्रक येतो. माल १५ टन, अंतर ३० किलोमीटर, परत जाताना रिकामा. डिझेल १० रुपयांनी वाढले तर किलोमागे किती वाढ होईल? नंतर जवळच्या बांधकामावर जाऊन वाळूचा किलोचा भाव काढा. वाढीचे किमतीशी प्रमाण संत्र्यांत जास्त की वाळूत, ते पाहा. आणि तीच वाळू दिल्लीला न्यायची झाली तर?