दुसऱ्या कडव्यातील स्त्री

प्रेमभंग आणि दारू हे अमेरिकेतील ग्रामीण वळणाच्या कंट्री संगीताचे जुनेच विषय. म्हणूनच ‘व्हिस्की ललबाय’ या गीताकडे मी प्रथम दुर्लक्षच केले. बिल अँडरसन व जॉन रँडल यांनी रचलेले हे गीत ब्रॅड पेस्ली आणि ॲलिसन क्राउस यांनी गायिले व ते २००४ मध्ये गाजले.

पहिल्या कडव्यात प्रेयसीने सोडलेला पुरुष पिऊन पिऊन मरतो. येथवर सारे ओळखीचे. दुसऱ्या कडव्यात मात्र तीच स्त्री अपराधाच्या जाणिवेने पिऊ लागते आणि त्याच्याच वाटेने जाते. पहिले कडवे पेस्लीचे, दुसरे क्राउसचे. रचना जवळजवळ तीच. या पुनरुक्तीतच गीताचा अर्थ आहे असे मला वाटते. गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’त (१९१९) सुधाकर पितो आणि सिंधू सोसते, येथे तोच प्याला दोघांच्याही हाती आहे.

लोकांत तिच्याविषयी कुजबुज होते, पण तिचे मन कोणालाच कळत नाही. दोष कोणाचा, हे मीही आधी ठरवून बसलो होतो. गीत तो निवाडा करीत नाही. ते दोघांसाठी एकच अंगाई गाते. अंगाई ऐकून निजलेले मूल सकाळी उठते. हे दोघे उठत नाहीत.