हेस्टिया, हेफेस्टस आणि वर्गातील अबोल मुले

वर्गात एखादा मुलगा फारसा बोलत नाही, मधल्या सुट्टीत एकटाच वाचत बसतो. लगेच त्याला ‘घुम्या’, ‘एकलकोंडा’ अशी नावे मिळतात. मानसशास्त्र अशा वृत्तीला ‘अंतर्मुख’ म्हणते. हा दोष नव्हे, ती मनाची एक ठेवण आहे.

‘अंतर्मुख’ आणि ‘बहिर्मुख’ ही जोडी रूढ केली ती कार्ल युंग (१८७५–१९६१) या स्विस मानसशास्त्रज्ञाने, १९२१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात. युंगच्या मते पुराणकथांत मानवी मनाचे काही मूळ साचे पुन्हा पुन्हा आढळतात. त्यांना आपण ‘आदिबंध’ म्हणतो. पुढे जीन शिनोडा बोलेन या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ बाईंनी ग्रीक देवी (१९८४) व देव (१९८९) यांच्या आधारे स्वभावांची ओळख करून दिली.

दोन उदाहरणे पाहू. हेस्टिया ही चुलीतील अग्नीची देवता. तिच्या नावावर पराक्रमाच्या कथा जवळजवळ नाहीत, पण नैवेद्याचा पहिला मान तिचा. ती शांत आहे, कारण ती आपल्या जागी समाधानी आहे. हेफेस्टस हा देवांचा लोहार. तो पायाने अधू. इतर देव त्याला हसतात. तो भट्टीपाशी रमतो आणि अकिलीझची अद्‌भुत ढाल घडवतो. त्याचे बोलणे त्याच्या हातांतून होते. दोघेही अंतर्मुख, पण किती निराळे! एकाच शब्दात आपण किती वेगवेगळी माणसे कोंबतो, हे या कथांमुळे ध्यानात येते.

मात्र येथे सावध राहिले पाहिजे. भौतिकशास्त्रात आपण घर्षणरहित पृष्ठभाग कल्पितो. तसा पृष्ठभाग कोठेही नसतो. तरीही त्यावरून काढलेले उत्तर प्रयोगाने पडताळता येते आणि चुकले तर सुधारता येते. ‘हा मुलगा हेफेस्टससारखा आहे’ हे विधान कोणत्या प्रयोगाने खोटे ठरवाल? म्हणून आदिबंध हा आरसा आहे, तराजू नव्हे.

तराजू शोधण्याचे प्रयत्नही झाले. हान्स आयझेंक यांच्या मते अंतर्मुखांचा मेंदू मुळातच अधिक उत्तेजित असतो, म्हणून त्यांना गोंगाट लवकर नकोसा होतो. १९६० नंतरच्या दशकात जिभेवर लिंबाच्या रसाचे थेंब टाकून लाळ मोजण्यात आली, तेव्हा अंतर्मुखांना सरासरीने अधिक लाळ सुटलेली आढळली. पण हा फरक सरासरीचा आहे. त्यावरून एकेका माणसाचा स्वभाव ठरत नाही. शिवाय मापने असे सांगतात की, बहुतेक माणसे दोन टोकांच्या मध्येच कोठेतरी असतात.

विद्यार्थी मित्रांनो, आता वर्गातील अबोल सोबत्याकडे पुन्हा पाहा. तो लाजतो आहे, दुखावला आहे, की हेस्टियासारखा निवांत आहे? तिन्ही गोष्टी भिन्न आहेत. शिक्षकांनीही तोंडी उत्तराबरोबर लेखी उत्तराला आणि प्रयोगवहीला तितकेच महत्त्व द्यावे. न जाणो, त्या कोपऱ्यात एखादी ढाल घडत असेल!