आपला सेट पॉइंट कोणता?

कंट्रोल सिस्टीमचा क्लोज्ड लूप आपण परीक्षेपुरता पाठ करतो. सेट पॉइंट, फीडबॅक, एरर लिहिलं की झालं! पण हाच लूप माणसाच्या वागण्यालाही लागू पडतो, असं विल्यम पॉवर्स या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९७३ साली 'बिहेविअर: द कंट्रोल ऑफ परसेप्शन' या पुस्तकात मांडलं. थोडक्यात सांगायचं तर, आपल्याला जे दिसतं-जाणवतं ते हवं तसं राहावं म्हणून माणूस आपली कृती बदलत राहतो.

बारामती-इंदापूर एसटीचा ड्रायव्हर बघा. गाळप हंगामात भवानीनगरजवळ उसाच्या ट्रॉल्या, मोकळ्या रानातला वारा, मध्येच खड्डा. कुठल्याही दोन फेऱ्यांत त्याचे हात सारखे फिरत नाहीत, पण गाडी आपल्या बाजूलाच राहते. 'गाडी इथे दिसली पाहिजे' हा सेट पॉइंट, दिसतं तो फीडबॅक, फरक म्हणजे एरर. नुसते हात बघून काही कळणार नाही.

मशीनचा सेट पॉइंट आपण बाहेरून देतो. माणसाचा आतूनच येतो, वरच्या लूपकडून. गाडी नीट का चालवायची? सुखरूप पोचायचं म्हणून. ते कशासाठी? 'मी जबाबदार माणूस आहे' म्हणून. ही स्वतःची प्रतिमासुद्धा आपण असाच लूप लावून सांभाळतो.

आता होस्टेलवर या. बारावीला गावात पहिला आलेला मुलगा. 'मी हुशार' हा सेट पॉइंट. पहिल्याच सेमिस्टरला मॅथ्स राहतं. अभ्यास करायचा तर शंका विचारावी लागते, आणि विचारली तर 'हुशार' प्रतिमेला धक्का! दोन लूप एकमेकांविरुद्ध ओढतात. मग तो लेक्चरला जात नाही आणि वर सांगतो, "मी पुस्तकच उघडलं नव्हतं रे." आपण याला आळस म्हणतो. खरं तर तो प्रतिमा वाचवायला जिवापाड धडपडत असतो. सरांनी चारचौघांत झापलं, तर ते आणखी एक डिस्टर्बन्स; तो आणखी लांब पळणार. त्यापेक्षा एकट्याला बोलावून "तुला नेमकं काय जपायचंय?" असं विचारलेलं बरं.

स्वतःचा सेट पॉइंट ओळखायची पॉवर्सचीच युक्ती आहे: हलका धक्का द्या आणि तो कुठे परतवला जातो ते बघा. कोणत्या शेऱ्याला उत्तर दिल्याशिवाय तुम्हाला राहवत नाही? तिथे काहीतरी जपलेलं आहे. गंमत म्हणजे कौतुकही परतवलं जातं. "छान केलंस" म्हटल्यावर लगेच "छे, नशीब" असं तोंडातून निघत असेल, तर 'मी सामान्यच' ही प्रतिमाही आपण तितक्याच नेटाने राखतोय.

एकदा सेट पॉइंट दिसला की तो बदलायची शक्यता तरी निर्माण होते. 'मी हुशार दिसलो पाहिजे' याऐवजी 'आज हे एक गणित मला समजलं पाहिजे' असं ठेवून बघा. मग शंका विचारणं हा धक्का राहत नाही, एरर कमी करायचा तो सरळ मार्ग होतो. पीएलची वाट कशाला बघायची? आजच रूम पार्टनरला विचारा!