डेकमधील छिद्र

1959 साली न्यूयॉर्कच्या नौका-प्रदर्शनात ‘पिअरसन ट्रायटन’ ही 28 फूट लांबीची शिडाची नौका मांडण्यात आली. कार्ल आल्बर्ग यांनी तिची रचना केली होती. काचतंतूंच्या थरांत राळ मुरवून तिचे अंग घडविले होते. काचतंतू लाकडाप्रमाणे कुजत नाहीत. तरीही पुढे अशा अनेक नौकांचे डेक जागोजागी मऊ पडले. असे का झाले?

याचे उत्तर डेकच्या पोटात सापडते. डेक हलका पण ताठ असावा, म्हणून काचतंतूंच्या दोन पातळ कवचांमध्ये बाल्सा या हलक्या लाकडाचा गाभा बसवितात. ही रचना मजबूत असते. मात्र गाभा कोरडा राहिला तरच. डेकवर दोर बांधण्याच्या खुंट्या, कप्प्या, कठड्याचे खांब इत्यादी साहित्य बसविताना बोल्टसाठी छिद्रे पाडावी लागतात. नुसते छिद्र पाडून बोल्ट आवळला, तर कवच भेदले जाऊन गाभा उघडा पडतो.

त्यात बोल्टवर पडणारा ताण थोडा नसतो. कठड्याचा खांब 60 सेंटिमीटर उंच आहे आणि त्याच्या बैठकीची कड बोल्टपासून 8 सेंटिमीटर दूर आहे, असे समजा. तोल जाऊन एखाद्याने खांबाच्या टोकावर 60 किलोग्रॅम वजनाइतका आडवा जोर दिला, तर तरफेच्या नियमानुसार बोल्टवर 60 × 60 ÷ 8, म्हणजे 450 किलोग्रॅम वजनाइतकी ओढ पडते. अशा ओढीने बैठक किंचित हलते, फट पडते आणि पाणी आत झिरपते. गाभा कुजला की तोच खांब ऐन वादळात उपटून येण्याचा धोका असतो.

यावर उपाय सोपा आहे. बोल्ट 6 मिलिमीटरचा असल्यास प्रथम सुमारे 12 मिलिमीटरचे छिद्र वरचे कवच व गाभा यांतून पाडावे. खालचे कवच तसेच ठेवावे. गाभा कोरडा असल्याची खात्री करून छिद्राच्या कडांना पातळ इपॉक्सी राळ पाजावी आणि नंतर घट्ट केलेल्या राळेने ते काठोकाठ भरावे. राळ पूर्ण कठीण झाल्यावर तिच्या मध्यातून बोल्टच्या मापाचे छिद्र आरपार पाडावे. आता बोल्टभोवती लाकूड नसून राळेची नळी असते. चुकून पाणी आले, तरी ते गाभ्यात शिरत नाही.

छिद्राची वरची कड थोडी उतरती करावी, म्हणजे तेथे ब्युटाइल रबराचे कडे बसते. डेकखाली धातूची रुंद पट्टी ठेवावी. तिच्यामुळे ताण मोठ्या क्षेत्रावर विभागला जातो. आवळताना वरून बोल्ट स्थिर धरावा आणि खालून नट फिरवावा. बोल्ट फिरविल्यास रबराचे कडे फाटते. खालच्या बाजूस मात्र रबर लावू नये. वरून गळती झालीच, तर तिचा थेंब खाली दिसला पाहिजे. कोंडलेले पाणी दिसत नाही आणि पोलादाचा बोल्टही आतल्या आत खाते.

साहित्य बसविण्यास लागणारा हा एखाद्या दिवसाचा अधिक वेळ वाया जात नाही. भर समुद्रात कठड्याला धरणारा हात त्यावरच विसंबून असतो.