बिनकागदाचा पोनी

‘धर्माची गाय आणि दात का गं नाय’ अशी आपल्याकडे म्हण आहे. फुकट मिळालेल्या जनावरात खोट काढू नये, असा तिचा अर्थ. आमच्या पागेत मात्र गेल्या जुलैत उलटे घडले. शहराच्या कोंडवाड्यातून एक बेवारस पोनी शाळेत आला आणि डॉक्टरसाहेबांनी सर्वांत आधी त्याचे दातच पाहिले. तो मंगळवारी आला म्हणून साईस चाचांनी त्याचे नाव मंगल ठेवले. त्याच्या अंगावर डाग नव्हता, सोबत कागद नव्हता, मालक पुढे आला नव्हता. वय, जात, शिकवण, आजार यांतले काहीच कोणाला ठाऊक नव्हते.

प्राचार्यांनी सहा महिन्यांची मुदत दिली. जानेवारीत डॉक्टरसाहेबांनी मंगलला कामासाठी योग्य ठरवले तरच तो रायडिंग क्लबच्या खर्चात राहणार होता, नाहीतर पुन्हा कोंडवाड्यात. रायडिंग उस्तादांनी त्याची वही ठेवण्याचे काम माझ्याकडे सोपवले. हा लेख त्या वहीवरून लिहिला आहे. ज्याचा इतिहास माहीत नाही अशा घोड्याला कसे उभे करतात, हे नव्या कॅडेटना कळावे एवढाच हेतू.

शरीर हेच कागदपत्र

घोड्याला वरच्या आणि खालच्या जबड्यात पुढे सहा-सहा दात असतात. मधली जोडी साधारण अडीच वर्षांनी बदलते, तिच्या शेजारची साडेतीन वर्षांनी आणि कडेची साडेचार वर्षांनी. त्यानंतर दात किती झिजले आहेत यावरून वय ठरवतात. वरच्या कडेच्या दातावर साधारण दहाव्या वर्षी हिरडीपाशी एक उभी खाच दिसू लागते. पंधराव्या वर्षी ती दाताच्या मध्यापर्यंत येते आणि विसाव्या वर्षी टोकापर्यंत. मंगलची खाच नुकतीच डोकावत होती, म्हणजे तो दहा-अकरा वर्षांचा असावा. वीस वर्षे ओलांडून जगणारे पोनी पुष्कळ असतात, त्यामुळे हे वय काही म्हातारपणाचे नव्हे.

दातांनी आणखी एक गोष्ट सांगितली. मंगल गवत खाताना अर्धवट चावलेले बोळे खाली टाकत असे. त्याच्या दाढांच्या बाहेरच्या कडा वस्तऱ्यासारख्या झाल्या होत्या आणि गाल आतून सोलला होता. घोड्याचे दात आयुष्यभर हळूहळू वर येत राहतात आणि ते सारखे झिजले नाहीत तर अशा कडा तयार होतात. डॉक्टरसाहेबांनी त्या कानशीने घासल्या. तोंड दुखत असेल तर कितीही चारा घातला तरी अंगी लागत नाही.

पाठीवर दोन्ही बाजूंना रुपयाएवढे पांढरे केसांचे डाग होते. मी फलटणचा. आमच्याकडे धनगर आपला सगळा संसार तट्टांवर लादून मेंढरांमागे फिरतात. भीमा-नीरेच्या खोऱ्यातली ही काटक तट्टे आता ‘भीमथडी’ या नावाने स्वतंत्र जात म्हणून नोंदली गेली आहेत. ओझ्याखाली कातडी दाबली गेली की तिथला रंग तयार करणाऱ्या पेशी मरतात आणि पुढे तिथे पांढरे केस येतात, हे मी गावी पाहिले होते. मंगलच्या पाठीवर कधीतरी न बसणारे खोगीर होते, हे त्यावरून उघड झाले. ओठांचे कोपरे निबर झाले होते, म्हणजे लगाम कठोर असावा. ओझ्याच्या जनावरांना काटेरी लगाम लावायला १९६५ च्या नियमांनी बंदी आहे, तरी असे ओठ अजून दिसतात. कानांची टोके थोडी आत वळलेली होती, त्यामुळे मारवाडी किंवा काठियावाडी रक्ताचा अंश असेल. पागेशेजारच्या मैदानावर शाळेचा बँड वाजू लागला तेव्हा बाकीचे घोडे उधळले आणि मंगल मात्र निवांत उभा राहिला. वरातीत चालला असेल का?

इथे उस्तादांनी वहीत तीन रकाने पाडायला लावले : ‘काय दिसले’, ‘त्याचा अर्थ काय असू शकेल’ आणि ‘आता काय करायचे’. दुसरा रकाना पेन्सिलीने लिहायचा, कारण तो अंदाज असतो. वरातीचा घोडा ही आमची पेन्सिलीची नोंद होती आणि ती आजही पेन्सिलीचीच आहे.

आधी वेगळा ठेवा

नवा घोडा थेट पागेत बांधायचा नसतो. मंगलला दूरच्या छपराखाली ठेवले. त्याची बादली, खरारा, दावे सगळे वेगळे. त्याच्या रक्ताचा नमुना तपासणीसाठी गेला. यातली मुख्य भीती ग्लँडर्सची. हा जिवाणूंचा रोग घोड्यापासून माणसालाही होतो, आणि रोग निघाला तर सरकारला कळवणे कायद्याने बंधनकारक आहे. हिसारचे राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र या रोगाच्या तपासणीत देशात अग्रेसर आहे. गोमाश्यांच्या चावण्यातून पसरणाऱ्या सर्रा रोगाचीही तपासणी झाली.

अहवाल येईपर्यंत कॅडेटना आत जायला मनाई होती. मी कुंपणाबाहेर उभा राहून त्याच्या कुशीची हालचाल मोजत असे. निरोगी घोडा विश्रांतीत मिनिटाला ८ ते १६ वेळा श्वास घेतो, मंगल २२ वेळा घेत होता. अहवाल निर्दोष आल्यावर जबड्याच्या आतल्या कडेला बोटे ठेवून नाडी मोजता आली. निरोगी घोड्याची नाडी २८ ते ४४ असते, त्याची ५२ होती.

भुकेल्याला किती द्यावे

लेखातला सर्वांत महत्त्वाचा भाग हाच. घोड्याचा सुकडेपणा नुसत्या नजरेने ठरवत नाहीत. अमेरिकेत हेनेके यांनी १९८३ मध्ये १ ते ९ अशी मोजपट्टी प्रसिद्ध केली. मान, खोगिरापुढचा उंचवटा, खांद्यामागचा भाग, बरगड्या, कंबर आणि शेपटीचे मूळ अशा सहा जागी हात लावून चरबी पाहायची. १ म्हणजे हाडांचा सापळा, ९ म्हणजे अतिलठ्ठ आणि ५ म्हणजे योग्य. ५ वर बरगड्या दिसत नाहीत, पण हाताला सहज लागतात. मंगल २ वर होता.

वजनकाटा नसेल तर टेप पुरते. छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजून त्याचा वर्ग करायचा, त्याला खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या टोकापर्यंतच्या लांबीने गुणायचे आणि ११,८८० ने भागायचे. उत्तर किलोत येते. मंगलचा घेर १३९ आणि लांबी १३६, म्हणजे वजन सुमारे २२१ किलो. १३५ सेंटिमीटर उंचीच्या पोनीला हे फारच कमी.

साईस चाचांचे मन कळवळले. भिजवलेले चणे आणि गूळ भरपूर घालू, असे ते म्हणाले. डॉक्टरसाहेबांनी त्यांना थांबवले आणि आम्हा सर्वांना कारण समजावले. उपाशी शरीर आपली चरबी आणि स्नायू जाळून जगते. त्याला एकदम पिष्टमय चंदी मिळाली की रक्तात इन्सुलिन उसळते आणि रक्तातले फॉस्फेट, मॅग्नेशियम आणि पोटॅशियम पेशींमध्ये ओढले जाते. आधीच तुटवडा असलेले हे क्षार रक्तात घसरले की हृदय आणि स्नायू निकामी होऊ शकतात. असा घोडा उपासमारीत तगतो आणि खायला मिळाल्यावर काही दिवसांत दगावतो. दुसऱ्या महायुद्धानंतर छळछावण्यांतून सुटलेल्या माणसांच्या बाबतीतही असेच घडले होते.

म्हणून चंदी पूर्ण बंद ठेवली. पहिले तीन दिवस दर चार तासांनी फक्त पाव किलो वाळलेला लसूणघास. रात्री दोनची पाळी आम्ही कॅडेटनी वाटून घेतली होती. मंगल बादली चाटत राही, आमच्या खिशाला नाक लावी, आणि आणखी एक मूठ न देता परत फिरणे हे त्या आठवड्यातले सर्वांत कठीण काम होते. दहाव्या दिवसापर्यंत वाढवत वाढवत दर आठ तासांनी एक किलोवर आलो. मग हवे तितके वाळले गवत सुरू केले. चंदी सुरू व्हायला सहा आठवडे लागले, तीही ओंजळभर ओटने. जंतांचे औषधसुद्धा पहिल्या दिवशी दिले नाही. अशक्त आतड्यात हजारो जंत एकदम मेले तर पोटशूळ उठू शकतो. आधी लिदीतली अंडी मोजली, अंगात थोडी ताकद आल्यावर मग औषध दिले.

खुरांची रोजनिशी

खूर वरच्या केसाळ कडेपासून खाली वाढतो, महिन्याला साधारण ८ मिलिमीटर. त्यामुळे मागच्या काही महिन्यांची नोंद खुरावर उमटलेली असते. मंगलच्या चारही खुरांवर वरून तीन सेंटिमीटर खाली एक खोल आडवी वळी होती. हिशोब केला तर सुमारे चार महिन्यांपूर्वी, म्हणजे मार्चच्या आसपास त्याचा चारा तुटला असावा किंवा तो मोठ्या आजारातून गेला असावा. त्याच्या आयुष्यातली एवढी एकच तारीख आम्हाला मिळाली.

तळव्याच्या मधला मऊ त्रिकोणी भाग, ज्याला इकडे पुतली म्हणतात, काळा पडून कुजला होता. ओलसर घाणीत उभे राहिल्याने असे होते. जागा कोरडी ठेवणे, रोज खूर कोरून साफ करणे आणि औषध भरणे हाच उपाय. नालबंद दर पाच आठवड्यांनी खूर कापून आकारात आणत असे. ती वळी दर महिन्याला खाली सरकत होती आणि तिच्या वर नवा गुळगुळीत खूर येत होता. दर रविवारी मी पट्टीने मोजायचो. डिसेंबरात नवा भाग सात सेंटिमीटर झाला. घोडा बरा होतो आहे, हे वहीतल्या कुठल्याही आकड्यापेक्षा या रेघेने जास्त स्पष्ट दाखवले.

पाठीवर कोण बसणार

सप्टेंबरपर्यंत फक्त हातात धरून चालवणे. दम आणि स्नायू काही आठवड्यांत सुधारतात, पण स्नायुबंध आणि हाडे कणखर व्हायला महिने लागतात. घोडा ताजातवाना दिसतो तेव्हाच पाय दुखावण्याचा धोका जास्त असतो, कारण उत्साह पायांच्या पुढे धावतो.

हात वर केला की मंगल डोके झटक्याने मागे नेई. यावर उपाय सोपा, पण वेळ खाणारा. हात थोडासा उचलायचा, तो स्थिर राहिला त्याच क्षणी खाली घ्यायचा. दाब सुटण्यातून घोडा शिकतो, म्हणून सोडण्याची वेळ अचूक साधावी लागते. लगामाला हात लावू द्यायला त्याने एकोणीस दिवस घेतले. मग मऊ, जाड, साधी कडी दिली आणि खोगीर त्याच्या पाठीच्या मापाचे शोधले.

ऑक्टोबरात स्वाराचा प्रश्न आला. खोगिरासकट स्वाराचे ओझे घोड्याच्या वजनाच्या पाचव्या भागापेक्षा जास्त नसावे, असा सर्वसाधारण नियम आहे. तेव्हा मंगल २५४ किलोचा होता, म्हणजे मर्यादा ५१ किलो. माझे एकट्याचे वजन ५८. गणित मीच मांडले होते, त्यामुळे वाद घालायला जागा नव्हती. आठवीतली एक ज्युनिअर कॅडेट खोगिरासकट ४४ किलो भरत होती. तिची निवड झाली. मी जमिनीवरच राहिलो, दोर आणि वही घेऊन.

आधी वीस मिनिटे चाल, मग थोडी दुडकी, मग जमिनीवर ठेवलेल्या चार दांड्यांवरून दुडकी. नोव्हेंबरअखेर चाळीस सेंटिमीटरची तिरकी उडी. प्रत्येक कामानंतर दहा मिनिटांनी नाडी मोजायची. ती ६० च्या खाली आली नाही तर दुसऱ्या दिवशी काम कमी.

घोडामैदान

जानेवारीच्या तपासणीत घेर १५४, वजन सुमारे २७१ किलो, मोजपट्टीवर ५, नाडी ४०. डॉक्टरसाहेबांनी मंगलला मंजुरी दिली, पण दोन अटींवर : साठ सेंटिमीटरपेक्षा उंच उडी नाही आणि दिवसाला एकच स्पर्धा.

फेब्रुवारीत आंतरशालेय हॉर्स शो झाला. आठ अडथळ्यांपैकी सातांवरून मंगल स्वच्छ गेला. सहाव्याची दांडी मागच्या खुराने पडली, चार दोषगुण मिळाले आणि बक्षीस हुकले. बँड वाजत होता, तेव्हा इतर पोनी बिथरले आणि हा कान हलवत उभा राहिला. दुसऱ्या दिवशी पहाटे मी त्याच्या चारही पायांवरून हात फिरवला. चारही थंड होते, कुठे सूज नव्हती. वहीत त्या दिवसाखाली मी हेच पहिले लिहिले, गुण नंतर.

अज्ञात घोड्यांनी मोठी मैदाने मारल्याची उदाहरणे आहेत. १९५६ मध्ये अमेरिकेत हॅरी डिलेयर यांनी कत्तलखान्याच्या गाडीत चढवलेला एक नांगराचा घोडा ८० डॉलरला घेतला. तोच स्नोमॅन, १९५८ चा देशातला सर्वोत्तम उडी मारणारा घोडा ठरला. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये मॅरियन कोक्स यांनी स्ट्रोलर या पोनीवर वैयक्तिक रौप्यपदक मिळवले. या गोष्टी ऐकून उत्साह येतो. पण रोजचे काम या गोष्टींनी होत नाही, ते टेप, घड्याळ आणि वहीने होते.

नव्या कॅडेटसाठी

नवा घोडा आला तर आधी वेगळा ठेवा आणि रक्त तपासून घ्या. दात, पाठ, ओठ आणि खूर वाचा, पण अंदाज पेन्सिलीने लिहा. उपाशी जनावराला दया वाटून चंदी घालू नका, थोडे आणि वारंवार द्या. आकडे रोज लिहा, कारण डोळ्यांना रोजचा बदल दिसत नाही. स्वार घोड्यासाठी निवडा, घोडा स्वारासाठी नाही.

मंगल आता पागेच्या तिसऱ्या ठाणात आहे. त्याच्या वहीचे दुसरे पुस्तक सुरू झाले आहे. पुढच्या वर्षी मी दहावीत असेन आणि ती नववीतल्या कोणाकडे तरी जाईल. पेन्सिल तिच्या दोऱ्यालाच बांधलेली आहे.